दिजाँच्या आजी रविवारी कुठे बसायच्या?

ताई, नमस्कार. मी नाशिकला राहतो, वय ३८. २०१४ साली कंपनीच्या कामासाठी आठ महिने फ्रान्समध्ये, दिजाँ शहरात होतो. माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या. दर रविवारी दुपारी मला जेवायला बोलवायच्या. रेड वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी, बटाट्याचं ग्रातँ, पाव, चीज. त्याही आमच्याबरोबर बसायच्या आणि दोन-दोन तास उठायच्या नाहीत. ती चव अजून जिभेवर आहे. आता डिसेंबरात सहा मित्रमैत्रिणींना घरी बोलावलंय, आम्ही दोघं धरून आठ जण. बेत असा : कांद्याचं फ्रेंच सूप, मग चीजचा सूफ्ले (फेटलेल्या अंड्याच्या फेसावर ओव्हनमध्ये फुगून वर येतो तो), मग कॉक ओ व्हँ म्हणजे तीच वाइनमधली कोंबडी आणि सोबत ग्रातँ, शेवटी क्रेम ब्रूले, म्हणजे वर साखर जाळलेलं कस्टर्ड. घरी २८ लिटरचा ओटीजी आणि तीन बर्नरची शेगडी आहे. पाहुण्यांपैकी दोघी शाकाहारी आहेत, अंडं चालतं. एका मित्रानं तीन वर्षांपूर्वी दारू सोडलीय. सूफ्ले दोनदा करून पाहिला, दोन्ही वेळा बसला, दुसऱ्यांदा तर सगळ्या सासुरवाडीसमोर. बायको म्हणते, एवढा घाट घालण्यापेक्षा चुलीवरचं मटण मागवू. पण मी अडून बसलोय, आणि ती मदतीला आहेच. सूफ्ले बसू नये म्हणून काय करू? आणि एवढं सगळं झेपेल ना?

गंगापूर रोडवरचा एक वाचक

प्रिय वाचक,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा नजर बेतावर गेली, दुसऱ्यांदा ओटीजीच्या लिटरांवर. तिसऱ्यांदा मात्र एका वाक्यापाशी थांबले : त्याही आमच्याबरोबर बसायच्या आणि दोन-दोन तास उठायच्या नाहीत. तुम्ही हे जाता जाता लिहिलंय, पण माझं उत्तर त्यातच आहे. सत्तरीतल्या बाई एकट्यानं रांधत होत्या आणि तरी पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत तुमच्यासमोर बसून होत्या. हे त्यांना कसं जमत होतं, ते आधी पाहू. सूफ्लेकडे मग येते.

तुम्ही लिहिलेला बेत तुमच्या स्वयंपाकघरात, त्या संध्याकाळी, झेपणार नाही. हे मी तुमच्या हाताला कमी लेखून म्हणत नाही, फक्त ओव्हनचा हिशोब मांडतेय. ग्रातँला १६० अंशांवर सव्वा ते दीड तास लागतो. सूफ्लेला १९० अंश हवेत आणि ओव्हन आधी नीट तापलेला हवा, शिवाय आठ जणांचा सूफ्ले २८ लिटरच्या ओटीजीत एका वेळी मावत नाही, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन फेऱ्या. सुपावरचं चीज वितळवायला वरची दांडी लाल हवी आणि बोल चार-चार करून ठेवावे लागणार. क्रेम ब्रूले तुम्ही आदल्या दिवशी भाजून ठेवलंत, तरी साखर जाळायचं काम जेवणानंतर उरतंच. हे सगळं साडेसात ते साडेदहाच्या दरम्यान, एका ओव्हनवर, तीन वेगवेगळ्या तापमानांना. तेव्हा बाहेर मित्र हसत असतील आणि तुम्ही ओटीजीच्या काचेतून आत डोकावत असाल.

असा बेत आपल्या मनात येतो तो हॉटेलांकडे बघून. आणि हॉटेलातलं फ्रेंच जेवण एकट्या माणसानं करण्यासाठी बनलेलंच नाही. ऑग्युस्त एस्कॉफिए १८९० साली लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात गेले आणि त्यांनी स्वयंपाकघराची पलटणीसारखी मांडणी केली. सॉस करणारा वेगळा, भाज्या आणि सूप बघणारा वेगळा, भाजणारा वेगळा, गोडाचा वेगळा, भांडी घासणारा वेगळा. जगभरच्या मोठ्या हॉटेलांत आजही साधारण तीच पद्धत चालते. तुमच्या यादीतला एकेक पदार्थ वेगळा धरला तर घरात सहज होण्यासारखा आहे. पण पाचही एकामागून एक, गरमागरम, वेळच्या वेळी टेबलावर यायचे असतील तर ते पलटणीचं काम आहे.

आणि घरात पलटण नसली की तिची कामं कुणाच्या वाट्याला येतात, हे तुमच्या पत्रातच लिहिलेलं आहे. ‘ती मदतीला आहेच.’ हे वाक्य खोडून टाका, अशी माझी मनापासून विनंती आहे. ज्या बाईंनी हा घाट नको म्हणून सांगितलं, त्यांनीच त्या रात्री साडेअकराला लोण्यानं माखलेली बारा भांडी घासायची, हे बरोबर नाही. त्यांना आज विचारा की त्या संध्याकाळी त्यांना काय करायला आवडेल. कदाचित टेबल मांडायला आवडेल, कदाचित काहीच नको असेल, नुसतं पाहुण्यांबरोबर बसायचं असेल. जे सांगतील तेवढंच. उरलेलं तुमचं, भांड्यांसकट.

मी हे इतक्या आग्रहानं सांगतेय त्याला कारण आहे. पंचवीस एक वर्षांपूर्वी कॉलेजच्या मैत्रिणींना मी घरी जेवायला बोलावलं होतं. सात पदार्थ होते. मुंबईतलं छोटं घर, स्वयंपाकघराला दार. माझं हॉलंडेज, म्हणजे अंडं-लोण्याचं सॉस, फुटलं म्हणून मी नवीन अंडी घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि बाहेर एक मैत्रीण सगळ्यांना सांगत होती की ती नवऱ्याबरोबर कायमची कॅनडाला चालली आहे. रडल्या म्हणे सगळ्या. मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. सॉस चांगलं झालं होतं. ते कुणी खाल्लं, हे मला आज आठवत नाही.

फ्रेंच लोकांच्या जेवणाची युनेस्कोनं २०१० साली मानवजातीच्या वारशात नोंद केली, तेव्हा कुठल्या एका पदार्थाची नोंद केली नव्हती. नोंद झाली ती आख्ख्या जेवणाची : कुणाच्या जन्माला, लग्नाला, भेटीगाठीला माणसं एकत्र बसतात, टेबल मांडतात, कशाबरोबर काय प्यायचं ते ठरवतात, एकामागून एक पदार्थ खातात आणि त्यावर बोलतात, ही रीत. तुमच्या दिजाँच्या आजी दर रविवारी तेच करत होत्या. आणि त्यांना ते साधायचं, कारण त्यांच्या घरातले पदार्थ वाट बघणारे होते. आदल्या दिवशी करून ठेवले तर मुरणारे. आपल्याकडे मटणाचा रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त लागतो ना, तसे. म्हणून मी तुमच्या बेताला एकच चाळणी लावली : पाहुणे दारात आल्यानंतर या पदार्थाला माझी किती मिनिटं लागणार? दहापेक्षा जास्त लागणार असतील तर तो त्या दिवशी नाही.

या चाळणीतून कॉक ओ व्हँ सगळ्यात आधी पार होतं, आणि मला त्याचा आनंद आहे, कारण नाशिकच्या माणसाइतकं हे कुणाला सोपं नाही. या पदार्थातला ‘कॉक’ म्हणजे कोंबडा, तोही म्हातारा, चिवट. बरगंडीच्या, म्हणजे दिजाँ ज्यात येतं त्या प्रांताच्या, खेड्यांत असा कोंबडा नुसता भाजून खाता येत नसे, म्हणून वाइनमध्ये मुरवून तासन्‌तास मंद शिजवायचे. त्या वेळात चिवटपणाचं जिलेटिन होतं आणि रश्शाला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. आता लोक हाच पदार्थ ब्रॉयलरचा करतात, आणि मग कृतीत लिहिलेले दोन तास पाळले की सहा आठवड्यांच्या त्या कोंबडीचा दोरा-दोरा होतो. तुम्ही गावरान घ्या. आठवडे बाजारात वर्षभराचा कोंबडा सांगून ठेवा, साफ करून सव्वा किलोच्या आसपास भरेल असा. एक गोष्ट दुकानदाराला आधीच बजावा : साल काढायची नाही. आपल्याकडे हात सवयीनं साल ओढून काढतो, आणि या पदार्थाची अर्धी चव त्या सालीच्या परतण्यात आहे. तुकडे मोठे, आठ ते दहा.

वाइन नाशिकचीच वापरा. बरगंडीत हे पिनो न्वारच्या वाइनमध्ये करतात, ती हलकी असते. आपल्याकडे शिराझ आणि काबर्ने जास्त, त्या आटल्या की तोंड आवळतं. लाकडी पिंपात न मुरवलेली, मऊ अशी एखादी घ्या, झिनफँडेलसुद्धा चालेल. महाग नको, पण पेल्यात ओतून आनंदानं प्याल अशी हवी, कारण आटल्यावर तिचे गुण आणि दोष दोन्ही वाढतात. एका कोंबड्याला एक बाटली. ती आधी दहा मिनिटं उघडी उकळून पूर्ण गार करा आणि मग त्यात कोंबडा, गाजर, कांदा, लसणीच्या पाकळ्या, मिरी, थाईम टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. तमालपत्र मात्र टाकू नका. फ्रेंच कृतीतलं पान वेगळ्या झाडाचं असतं, त्याला मधोमध एकच शीर असते. आपल्या तमालपत्राला तीन उभ्या शिरा असतात आणि त्याला दालचिनीचा वास येतो. तो आला की तुमच्या कॉक ओ व्हँची बिर्याणीकडे वाटचाल सुरू. ते पान मिळालं नाही तर काही न टाकता पुढे चला.

दुसऱ्या दिवशी तुकडे वाइनमधून काढून कापडानं अगदी कोरडे करा. ओले राहिले तर ते तुपात परतत नाहीत, स्वतःच्याच पाण्यात उकडतात. चार-चार तुकडे टाका, गर्दी करू नका, सालीला गडद बदामी रंग येऊ द्या. मग भाज्या परता, चमचाभर मैदा, तीच वाइन गाळून, थोडा कोंबडीचा स्टॉक, आणि झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दोन-अडीच तास. बुडबुडा एखाददुसराच यावा. भांडं जाड बुडाचं स्टील किंवा इनॅमलचं. अॅल्युमिनियम आणि उघडं बीड नको, वाइनच्या आंबटपणानं दोन्हींची चव उतरते. कोंबडा फारच निबर निघाला तर कुकरला लावा, त्यात लाज नाही. फक्त कुकरमध्ये काहीच आटत नाही, तेव्हा नंतर तुकडे बाजूला काढून रस्सा उघडा आटवा. सांबारात घालतो ते छोटे कांदे आणि मशरूम वेगळे लोण्यात परतून शेवटी मिसळा. कृतींमध्ये ब्रँडी ओतून पेटवायला सांगतात. चिमणीच्या तेलकट जाळीखाली ते करू नका, पदार्थाचं काही अडत नाही.

लोण्याबद्दल एक सांगते. दुकानातलं पिवळं बटर खारं असतं, आणि रस्सा आटवायचा म्हटल्यावर मीठही आटून वाढतं. बिनमिठाचं आणा, किंवा सायीला विरजण लावून घरीच लोणी काढा. फ्रान्समध्ये चांगलं लोणी असंच विरजलेल्या सायीचं असतं, त्यामुळे आपल्या घरच्या लोण्याचा वास तिकडच्याशी बाजारातल्या वडीपेक्षा जास्त जुळतो. पाण्यानं नीट धुऊन, ताक पूर्ण पिळून घ्या, एवढंच.

आता तुमचा मित्र. वाइन शिजली की दारू उडून जाते, असं सगळे म्हणतात. पूर्ण उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचे तक्ते सांगतात की पंधरा मिनिटं शिजल्यावर सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतं, तासाभरानं २५, आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के. पेटवल्यावर तर ७५ टक्के तसंच राहतं. आकडा लहान असो की मोठा, ज्यानं तीन वर्षं स्वतःला सावरलंय त्याच्या ताटात ती न सांगता जाता कामा नये. सगळ्यांसमोरही विचारू नका. या आठवड्यात त्याला एकट्याला फोन करा आणि सरळ सांगा : घरात वाइनमध्ये शिजवलेलं असेल, टेबलावर बाटली असेल, तुला वास जरी नको वाटत असेल तर मी बेत बदलतो. आणि ‘चालेल रे’ म्हणाला तरी त्याचा आवाज नीट ऐका.

त्याला चालणार असेल तर कोंबडे दोन आणा. एक वाइनमध्ये, दुसरा तुमच्या दिजाँची आठवण म्हणून मोहरीत. दिजाँची मोहरी, म्हणजे वाटलेल्या मोहरीची पेस्ट, जगभर ओळखीची आहे, नाशिकच्या मोठ्या दुकानांतही मिळते. दुसरा कोंबडा तसाच सालीसकट परतून नुसत्या स्टॉकमध्ये मऊ शिजवा, शेवटी दोन-तीन मोठे चमचे ही मोहरी आणि क्रीम मिसळा. मोहरी शेवटीच घाला, उकळली की तिचा नाकात जाणारा झणका मरतो. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, काही मोहऱ्यांत पांढरी वाइन असते, तुम्ही व्हिनेगरची निवडा. दोन्ही भांडी टेबलाच्या मधोमध ठेवा आणि ज्याला जे हवं ते घेऊ द्या. तुमच्या मित्रासाठी वेगळं काही केलंय, हे टेबलावर फक्त तुम्हा दोघांना माहीत असावं. आणि तो नको म्हणाला तर दोन्ही कोंबडे मोहरीत करा, बाटली उघडूच नका. वाइनमधला कोंबडा जानेवारीत होईल.

दोन शाकाहारी मैत्रिणींसाठी तुमच्या पत्रात एक ओळही नाही. सूप आणि ग्रातँवर त्या भागवतील, असं बहुतेक मनात असेल. त्यांनाही मुख्य पदार्थ हवा. रातातुई करा. हा दक्षिणेकडचा, नीस शहराकडचा पदार्थ : वांगी, ढोबळी मिरची, झुकिनी, टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्ह तेल. आपल्याला वाटतं सगळं एकत्र टाकून शिजवलं की झालं, आणि मग त्याची लगदा झालेली मिसळभाजी होते. प्रत्येक भाजी वेगळी परता, प्रत्येकीचं पाणी वेगळं उडवा, आणि शेवटी टोमॅटोत एकत्र करून वीस मिनिटं मंद ठेवा. हीसुद्धा आदल्या दिवशी करा, कोमटच वाढा. मित्रालाही चालेल, आणि मांसाहारी मंडळी ती आधी संपवतील, म्हणून जरा जास्तच करा.

सूप पूर्ण शाकाहारी करा, म्हणजे एकच पातेलं. कांदा तुमच्याकडे लासलगावचा आहे, आणखी काय हवं? आठ जणांना दोन किलो लागेल. पण वाटणासाठी आपण कांदा भाजतो तसा नाही. तिथे आपल्याला कडा जळलेल्या चालतात, उलट हव्या असतात. इथे एकही कड काळी होता कामा नये. रुंद जाड पातेल्यात लोणी, थोडं तेल, चिमूट मीठ, आणि तासभर, कधी सव्वा तास, मंद आचेवर. दहा मिनिटांत कांदा सोनेरी होतो असं कुठे लिहिलेलं असेल तर ती कृती बाजूला ठेवा. बुडाला लागायला लागलं की दोन चमचे पाणी टाकून खरवडा, तोच रंग सुपाला येतो. गाजर, सेलरी, मशरूमचे देठ आणि मिरी उकळून स्टॉक काढा. वाइन घालतात, तुम्ही त्याऐवजी चमचाभर व्हिनेगर घाला. जेवण शनिवारी धरते, तर हे शुक्रवारी तयार. शनिवारी फक्त गरम करायचं, आणि बोल ओव्हनमध्ये घालण्याऐवजी पावाच्या चकत्यांवर चीज किसून एका ताटलीत खरपूस करून वर तरंगत सोडायच्या. परदेशी ग्रुएर चीज वासराच्या जठरातल्या विकरानं बनतं, मैत्रिणींना ते चालणार नाही. भारतात बनलेलं, हिरव्या ठिपक्याचं चीज घ्या.

ग्रातँ दुपारी चारला भाजून टाका. जुना, पिठूळ बटाटा घ्या, नवा नको. कापून धुऊ नका, तो स्टार्चच दूध दाट करतो. दीड किलो बटाट्याच्या पातळ चकत्या, निम्मं दूध निम्मं क्रीम असं साधारण लिटरभर, लसूण, जायफळ, मीठ. आधी गॅसवर आठ-दहा मिनिटं उकळी देऊन मग ओटीजीत, म्हणजे पाकिटातलं पातळ क्रीम फाटायची भीती कमी होते आणि ओव्हनचा वेळही वाचतो. चीज यात मुळात नसतं. रात्री झाकून वीस मिनिटं गरम केलं की पुरे. थोडं मुरलेलं ग्रातँ सुरीनं नीट कापलंही जातं.

क्रेम ब्रूलेच्या जागी क्रेम कारामेल करा. फ्रान्समधल्या घरांत तेच जास्त होतं, आणि त्याला ओव्हनच नको. तुमच्या घरी खरवस झाला असेलच. तशाच वाट्या, तसाच बिनशिट्टीचा कुकर. एक लिटर दूध, आठ अंडी, २०० ग्रॅम साखर, शिवाय वाट्यांच्या तळाशी जाळलेल्या साखरेचा पाक. झाकण फॉइलचं, आच मंद, पंधरा-वीस मिनिटं. वाटी हलवली की मधला भाग थरथरायला हवा. आच मोठी झाली तर आत भोकं पडतात, चव पिठूळ लागते. शुक्रवारी करून फ्रिजमध्ये ठेवा, शनिवारी उलटा केला की काम संपलं.

पाव विकत आणा. फ्रान्समध्ये ‘बागेत’ नावाचा तो लांब पाव घरी कुणी भाजत बसत नाही, बेकरीतूनच आणतात. तुमच्या ओळखीच्या बेकरीतला ताजा कडक पाव रश्शाला छान लागेल. चीज तासभर आधी फ्रिजबाहेर काढून ठेवा.

तालीम मात्र एक हवी. येत्या रविवारी अर्ध्या मापानं कोंबडा, फक्त तुम्हा दोघांसाठी. तुमच्या गॅसची मंद आच किती मंद आहे, कोंबडा किती निबर आहे, हे त्यातच कळेल. मग खऱ्या आठवड्यात गुरुवारी रात्री मुरवत ठेवा, शुक्रवारी संध्याकाळी कोंबडे, सूप, रातातुई, कारामेल. रस्से उथळ भांड्यांत काढून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. शनिवारी चारला ग्रातँ. सहाला स्वयंपाकघर पुसून घ्या, ओटा रिकामा करा, अंघोळ करा. आठला बेल वाजेल तेव्हा शेगडीवर फक्त सूप असेल.

राहिला सूफ्ले. तो बाहेर काढल्यावर बसतो, ही त्याची जातच आहे. आत गरम हवा आणि वाफ फुगलेली असते, बाहेर आला की ती आक्रसते. तीन-चार मिनिटांत जो खाली गेला तो तुमच्या हातानं बिघडलेला नव्हता. सासुरवाडीसमोर तेच झालं असणार, आणि तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत. ओव्हनमध्येच बसला असेल तर मात्र कारणं शोधता येतात. ओटीजीच्या बटणावरचे १९० अंश आणि आतले १९० अंश यांत बऱ्याचदा मोठा फरक असतो, म्हणून आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणा आणि वीस-पंचवीस मिनिटं ओव्हन तापू द्या. बलकाचा कणही पांढऱ्यात गेला तर तो नीट फेसाळत नाही. पांढरं फेटताना लिंबाचे दोन थेंब टाका आणि टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबा. त्यापुढे गेलात तर ते कोरडं, कणीदार होतं आणि ओव्हनमध्ये टिकत नाही. खालचं बेशामेल, म्हणजे मैदा-लोणी-दुधाचं पांढरं सॉस, दाट हवं, पिठलं गुठळीशिवाय घोटता तसंच, गरम मैदा-लोण्यावर गार दूध थोडं थोडं घालत. फेस एक तृतीयांश आधी मिसळून ते सैल करा, उरलेला हलक्या हातानं. भांड्याला लोणी लावताना ब्रश खालून वर ओढा.

आणि तो त्या शनिवारी करू नका. सूफ्लेला आठ माणसं चालत नाहीत, त्याला दोन चालतात. जानेवारीतल्या एखाद्या साध्या वारी, कुणी येणार नसताना, बायकोसाठी करा. तीन अंडी, एकच छोटं भांडं. ओटीजीसमोर दोन स्टुलं टाका आणि दोघं मिळून काचेतून तो वर येताना बघा. चमचे हातातच ठेवा, टेबलापर्यंत नेण्याइतका वेळ तो देत नाही.